उसन्या सत्तेचा हिशेब : सेजानसचं प्रकरण, इ.स. १४ ते ३१

रोमच्या सम्राटांच्या यादीत सेजानसचं नाव सापडत नाही. तो सम्राट टायबेरियसच्या पहाऱ्याच्या दलाचा प्रमुख होता, गादी त्याला कधीच मिळाली नाही. पण इ.स. २६ नंतरची चारपाच वर्षं रोममध्ये कॉन्सलपद, म्हणजे सर्वोच्च सरकारी पद, कुणाला मिळावं, राजद्रोहाचा खटला कुणावर भरावा, सम्राटाच्या कानावर काय घालावं आणि काय नाही, हे सगळं त्याच्या दारात ठरत होतं. सकाळी त्या दारात सिनेटरांची रांग लागायची. त्याचा वाढदिवस सार्वजनिक सणासारखा साजरा व्हायचा. १८ ऑक्टोबर ३१ रोजी तो सिनेटच्या बैठकीला गेला तो आणखी एक मोठा अधिकार पदरात पडणार या खात्रीने, आणि त्याच दिवशी त्याला देहदंड झाला.

उत्कर्ष आणि पतनाच्या कथा रोमच्या इतिहासात पैशाला पासरी आहेत. सीझरची तर सगळ्यांना पाठ असते. सेजानसचं प्रकरण मला त्याहून जास्त अभ्यासण्यासारखं वाटतं, कारण इथे सत्ता दुसऱ्याकडून आणून जमवलेली दिसते. ती कशी जमवली याचा बऱ्यापैकी तपशील मिळतो, आणि मालकाने ती परत मागितली तेव्हा काय झालं याचा तर तासातासाचा.

पायाभरणी

ल्युशियस एलियस सेजानस मूळचा व्होल्सिनीचा, म्हणजे रोमच्या उत्तरेला आजचं बोल्सेना आहे तिथला. घराणं अश्वारोही वर्गातलं. नाव घोडेस्वारांचं असलं तरी या काळात हा सिनेटर घराण्यांच्या खालोखालचा श्रीमंत वर्ग होता. पैसा, जमीन, सरकारी नेमणुका सगळं होतं, पण पिढीजात मानाच्या खुर्च्या सिनेटरांच्या. वडील सेयस स्ट्राबो हे पहिला सम्राट ऑगस्टस याच्या प्रिटोरियन दलाचे प्रमुख होते. आपल्याकडच्या हुजुरातीसारखं, सम्राटाच्या खास पहाऱ्याचं हे दल. ते सिनेटरच्या हाती न देता खालच्या वर्गातल्या माणसाकडे ठेवायचं यात हिशेब होता : ज्याला घराण्याच्या बळावर गादी मागताच येणार नाही, त्याच्या हातात तलवार दिलेली बरी.

इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारला आणि ५४ वर्षांचा टायबेरियस गादीवर आला. त्याने सेजानसला वडिलांच्या जोडीने त्या दलावर नेमलं. थोड्याच काळात वडिलांना इजिप्तचा कारभार मिळाला आणि दल एकट्या मुलाच्या हाती आलं.

सेजानसचं पहिलं मोठं काम वरवर पाहता फक्त व्यवस्थेचं होतं. ऑगस्टसने या दलाच्या तीनपेक्षा जास्त तुकड्या शहरात कधी ठेवल्या नव्हत्या, त्याही कायमच्या छावणीशिवाय. बाकीच्या आसपासच्या गावांत विखुरलेल्या असत. इ.स. २३ च्या सुमारास सेजानसने नऊच्या नऊ तुकड्या शहराच्या ईशान्य कडेला एकाच तटबंद छावणीत आणल्या. कारण शिस्तीचं सांगितलं : विखुरलेले शिपाई बिघडतात, अचानक काही घडलं तर सगळे एकदम हाताशी हवेत. कारण खोटं नव्हतं. पण नऊ तुकड्या एका तटाच्या आत आल्या की आपण किती आहोत हे शिपायांना दिसतं आणि शहरालाही दिसतं. सेजानस छावणीत जायचा, शिपायांशी नावानिशी बोलायचा, वरचे अधिकारी स्वतः निवडायचा. त्या छावणीचे तट पुढे शहराच्या कोटात सामावले गेले. रोमच्या मुख्य रेल्वे स्टेशनपासून थोड्याच अंतरावर ते आजही उभे आहेत आणि तिथल्या मेट्रो स्टेशनला छावणीचंच नाव आहे.

टायबेरियसचा त्याच्यावरचा विश्वास दिखाऊ नव्हता. ‘माझ्या कष्टांतला साथीदार’ असं तो सेजानसला सिनेटसमोर आणि लोकांसमोर म्हणायचा. टायबेरियस स्वभावाने संशयी आणि घुमा. आयुष्यभर ऑगस्टसच्या मर्जीने लग्नं केली, मोडली, परागंदा झाला, परत आला. अशा माणसाला एकच कोणीतरी असा लागतो ज्याच्याशी तोलूनमापून बोलावं लागत नाही. सेजानस तो झाला. मला वाटतं, त्याचं खरं कौशल्य फौजेत नव्हतंच. एका एकलकोंड्या माणसाला विसावा कसा द्यायचा हे त्याला कळलं होतं.

वाटेतली माणसं

पहिला अडसर टायबेरियसचा मुलगा ड्रुसस. तापट स्वभावाचा. परक्या माणसाला बापाने घरच्यासारखं वागवलेलं त्याला खपत नव्हतं आणि एका बाचाबाचीत त्याने सेजानसच्या थोबाडीत मारली. १४ सप्टेंबर २३ रोजी ड्रुसस मेला. तेव्हा सगळ्यांनी आजार समजून सोडून दिलं. आठ वर्षांनी सेजानसच्या सोडलेल्या बायकोने, आपिकाटाने, लिहून कळवलं की हा विषप्रयोग होता आणि ड्रुससची बायको लिव्हिला त्यात सामील होती. मग गुलामांचा छळ करून कबुलीजबाब मिळवले गेले. अशा कबुलीवर मी तरी निकाल देणार नाही. पण ड्रुसस गेल्याने वाट मोकळी झाली एवढं खरं.

इ.स. २५ मध्ये सेजानसने लिव्हिलाशी लग्नाची परवानगी मागितली, तीही लेखी. सम्राट शहरात असतानासुद्धा त्याच्याकडे अर्ज लिहूनच करायचा असा रिवाज होता. टायबेरियसने नकार दिला, पण कुठेही रागाचा सूर लावला नाही. तू आहेस त्या पायरीवर राहीन म्हणतोस, पण जिचं लग्न राजघराण्यात झालं होतं ती एका अश्वारोहीची बायको म्हणून म्हातारी होईल का, आणि ज्यांनी तिच्या बापभावांना सत्तेत पाहिलंय ते लोक हे सोसतील का, असा त्याचा सूर होता.

या नकारानंतर सेजानसने जे केलं तिथे या प्रकरणाचा गाभा आहे. घराण्यात शिरता येत नाही म्हटल्यावर त्याने घराला दार एकच उरेल अशी व्यवस्था केली. रोमची गर्दी, अर्जदार, कटकटी यांनी वैतागलेल्या म्हाताऱ्याला शांत, निसर्गरम्य जागी जाऊन राहण्याचं वेड त्याने लावलं. इतिहासकार टॅसिटस यामागचा हेतू उघड करून सांगतो : सम्राट दूर गेला की भेटी सेजानसच्या हातात आणि टपालही बहुतांशी त्याच्याच हातात, कारण पत्रांची ने-आण शिपाई करायचे आणि शिपाई त्याचे.

इ.स. २६ मध्ये टायबेरियस रोम सोडून दक्षिणेला निघाला. वाटेत स्पर्लोंगा इथे समुद्रकाठच्या एका नैसर्गिक गुहेत मेजवानी चालू असताना अचानक दगड कोसळले. नोकर चिरडले गेले, बाकीचे पळाले. मदतीला आलेल्या शिपायांना सेजानस दिसला तो गुडघे, हात आणि तोंड टेकून सम्राटावर ओणवा झालेला, कोसळणारे दगड अंगावर घेत. हे ढोंग असणं शक्य नाही. दगड कोसळताना विचार करायला वेळच नसतो. म्हणूनच मला हा माणूस फक्त कारस्थानी म्हणून निकालात काढता येत नाही. त्या दिवसानंतर टायबेरियस त्याचा शब्द खाली पडू देईना. पुढच्या वर्षी सम्राट कॅप्री बेटावर जाऊन राहिला आणि रोममध्ये पुन्हा कधी शिरला नाही.

छपराखालचे तीन सिनेटर

या काळात रोममध्ये काय हवा होती हे एका घटनेवरून कळतं. टिटियस सॅबिनस हा टायबेरियसचा पुतण्या आणि लोकप्रिय सेनापती जर्मानिकस याचा जुना स्नेही. ड्रुससनंतर गादीचे वारस होते ते जर्मानिकसचे मुलगे. जर्मानिकस मेल्यावर त्याची विधवा अग्रिपिना आणि मुलं यांच्याकडे जाणं बाकीच्यांनी सोडलं, सॅबिनसने सोडलं नाही. चार जणांना कॉन्सलपद हवं होतं आणि त्याची वाट सेजानसच्या दारातून जात होती. त्यातल्या लॅटिअॅरिसने सॅबिनसशी मैत्री जोडली, अग्रिपिनाबद्दल हळहळ दाखवली. बिचाऱ्याला बोलायला कोणीतरी मिळालं. एक दिवस लॅटिअॅरिसने त्याला घरी नेऊन खोलीत बसवलं आणि जुनी, नवी दुःखं उकरून काढली. वर, छप्पर आणि तक्तपोशी यांच्या मधल्या अंधाऱ्या पोकळीत बाकीचे तीन सिनेटर आडवे पडून फटींना कान लावून होते.

त्यांनी ऐकलेलं लगेच सम्राटाला कळवलं, शिवाय आपण ते कसं ऐकलं हेही. इ.स. २८ च्या १ जानेवारीला, नववर्षाच्या शुभेच्छांच्या पत्रातच, टायबेरियसने सॅबिनसवर आरोप ठेवला. त्याला तुरुंगाकडे ओढत नेताना ज्या रस्त्याने नेलं तिथले लोक पळून गेले. मग आपण घाबरलो हे दिसलं म्हणून घाबरून परत आले. त्याचं कुत्रं प्रेतापाशी बसून राहिलं, कुणी टाकलेला घास त्याने मेलेल्या मालकाच्या तोंडाशी नेला, आणि प्रेत टायबर नदीत फेकल्यावर ते तरंगतं ठेवायला त्याने पाण्यात उडी घेतली, असं जुन्या नोंदींत आहे. त्या वर्षीच्या रोममध्ये उघडपणे निष्ठा दाखवण्याची मुभा बहुधा कुत्र्यालाच उरली होती.

टॅसिटस म्हणतो, त्यानंतर लोक ओळखीच्यांशीही बोलेनात, निर्जीव छताभिंतींकडेसुद्धा संशयाने बघू लागले. त्याच वर्षी सिनेटने दयेच्या आणि मैत्रीच्या नावाने वेदी उभारायचा ठराव केला, दोन्ही बाजूंना टायबेरियस आणि सेजानस यांचे पुतळे.

पुढचं भराभर घडलं. इ.स. २९ मध्ये टायबेरियसची आई लिव्हिया गेली आणि अग्रिपिनावरचं शेवटचं छत्र हरपलं. तिला आणि तिच्या थोरल्या मुलाला बेटांवर हद्दपार केलं, दुसरा मुलगा राजवाड्याच्या तळघरात कैदेत. उरला धाकटा, गायस, ज्याला आपण कॅलिग्युला म्हणून ओळखतो.

मधल्या फटी

इ.स. ३१ मध्ये सेजानस सम्राटाच्या जोडीने कॉन्सल झाला. राजघराण्यातल्या मुलीशी त्याचा विवाह ठरला. स्पेनमधल्या बिल्बिलिस नावाच्या गावाने त्या वर्षी पाडलेल्या नाण्यावर टायबेरियसच्या नावापाठोपाठ त्याचं नाव आहे. लांबच्या गावालाही कळलं होतं की आता जोडीने नाव घालायचं.

पण वरून काहीतरी बदललं होतं. इतिहासकार जोसेफस सांगतो की लिव्हिलाच्या आईने, अँटोनियाने, टायबेरियसला एक पत्र पाठवलं आणि त्यात सेजानसचा सगळा डाव मांडला. अँटोनिया सम्राटाची विधवा भावजय, सार्वजनिक कारभारापासून दूर राहणारी, म्हणून तिच्या शब्दाला वजन होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पत्र शिपायांच्या हाती न देता तिने आपल्या पॅलास नावाच्या विश्वासू गुलामाकडून थेट पोहोचवलं. सेजानसने बांधलेली सगळी भिंत तिने एका नोकराकरवी ओलांडली. काही इतिहासकार या पत्राबद्दल शंका घेतात. पण बातमी कुठल्यातरी आडवाटेने कॅप्रीला पोहोचली असणार, कारण सरळ वाटेवर सेजानसच बसला होता.

त्यानंतर टायबेरियस जे वागला त्याला मुरलेला राजकारणी लागतो. मे महिन्यात त्याने कॉन्सलपद सोडलं, त्यामुळे सेजानसलाही सोडावं लागलं. पत्रं येत राहिली : एकात स्तुती, दुसऱ्यात टोचणी, एकात मी मरणाच्या दारात आहे, दुसऱ्यात मी ठणठणीत आहे आणि लवकरच येतोय. सेजानसला पुरोहितपद दिलं, लगोलग कॅलिग्युलालाही दिलं. एका पत्रात नेहमीची बिरुदं गाळून नुसतं ‘सेजानस’ लिहिलं. रोममध्ये अशी पत्रं लोक अक्षर न् अक्षर वाचायचे. त्याच्या दारातली गर्दी एकदम हटली नाही, पण लोक अंदाज घेऊ लागले. आणि टपाल ज्याच्या हातातून जात होतं त्या माणसाला पत्र पाठवणाऱ्याच्या मनात काय आहे हे कळेनासं झालं. कॅप्रीला जायची परवानगी त्याने मागितली, तीही मिळाली नाही.

ती सकाळ

या दिवसाची टॅसिटसने लिहिलेली हकीकत हरवली आहे. त्याच्या ग्रंथाचा नेमका हाच भाग उरलेला नाही. म्हणून आपल्याला डिओ या इतिहासकारावर अवलंबून राहावं लागतं आणि तो घटनेनंतर जवळजवळ दोन शतकांनी लिहीत होता. तरी त्याच्या वर्णनात बारकावे असे आहेत की ते कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असावं असं वाटत राहतं.

१७ ऑक्टोबरच्या रात्री मॅक्रो नावाचा अधिकारी कॅप्रीहून रोममध्ये आला. खिशात दोन गोष्टी : सिनेटसाठी पत्र आणि स्वतःच्या नावे प्रिटोरियन दलाच्या प्रमुखपदाची गुप्त नेमणूक. दोन कॉन्सलांपैकी एक सेजानसचा होता, म्हणून तो दुसऱ्याला, रेग्युलसला भेटला. शहरातल्या रात्रपहाऱ्याच्या आणि आगीच्या बंबाच्या दलाचा प्रमुख लाको, त्यालाही विश्वासात घेतलं.

पहाटे बैठक पॅलाटिन टेकडीवरच्या अपोलोच्या देवळात होती. दाराशी मॅक्रोला सेजानस भेटला, अस्वस्थ होता, कारण आपल्याला सम्राटाचं वेगळं पत्र नाही. मॅक्रो त्याच्या कानात म्हणाला की ट्रिब्यूनचे अधिकार तुम्हाला मिळणार आहेत, ते मी घेऊन आलोय. त्या अधिकारांचा अर्थ जवळपास वारसा. सेजानस आनंदाने आत शिरला. मॅक्रोने बाहेरच्या प्रिटोरियन शिपायांना आपली नेमणूक दाखवली, बक्षिसी येणार आहे म्हणाला आणि छावणीत परत पाठवलं. त्यांच्या जागी देवळाभोवती लाकोचे पहारेकरी उभे केले. पत्र कॉन्सलच्या हातात दिलं आणि ते वाचायच्या आत स्वतः छावणी गाठायला निघाला.

पत्र लांबलचक होतं, आणि मुद्दाम. सुरुवात भलत्याच विषयाने. मग सेजानसला एक बारीक चिमटा. मग दुसरं काही. पुन्हा एक. शेवटी एकदम : त्याच्या जवळच्या दोन सिनेटरांना शिक्षा करा आणि त्याला पहाऱ्यात ठेवा. मारा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

वाचन सुरू व्हायच्या आधी त्याचा जयजयकार चालला होता, अधिकार मिळणार म्हणून अभिनंदनं सुरू होती. वाचन पुढे सरकलं तसे शेजारी बसलेले काही जण उठून दूर जाऊन बसले. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, इथे ते बाकांवर दिसलं. रेग्युलसने त्याला पुढे बोलावलं. तो हलला नाही. डिओ म्हणतो, त्यात उद्दामपणा नव्हता, त्याला कोणी हुकूम देण्याची सवयच उरली नव्हती. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, आता बोट दाखवून : सेजानस, इकडे ये. तेव्हा त्याने विचारलं, “मला बोलावताय?” उभा राहिला तोवर लाको त्याच्या बाजूला येऊन थांबला होता.

रेग्युलसने ठराव सगळ्यांपुढे टाकलाच नाही. कुणी विरोधात बोललं तर गडबड होईल या धास्तीने एकाच सदस्याला विचारलं, तो हो म्हणाला, तेवढ्यावर त्याला तुरुंगात नेलं. रस्त्यात त्याच्या डोळ्यांदेखत लोक त्याचे पुतळे दोर लावून पाडत होते. दुपारनंतर सिनेट पुन्हा भरली, तुरुंगाशेजारच्या कॉन्कॉर्डच्या देवळात. प्रिटोरियन शिपाई कुठे दिसत नाहीत आणि लोक काय करतायत हे बघून मगच सदस्यांनी मृत्युदंड फर्मावला. प्रेत पायऱ्यांवरून फेकलं, तीन दिवस जमाव त्याची विटंबना करत राहिला.

टायबेरियस तेव्हा कॅप्रीच्या कड्यावरून किनाऱ्यावरच्या खुणेच्या इशाऱ्यांकडे डोळे लावून होता. पळून जाण्यासाठी जहाजं तयार ठेवलेली. डाव त्याने रचला, पण तो जमेल याची त्यालाही खात्री नव्हती.

दल हललं का नाही?

ही कळीची बाब. सतरा वर्षं सेजानसने ते दल हाताखाली ठेवलं, अधिकारी निवडले, छावणी बांधली. मग एक अनोळखी माणूस कागद दाखवतो आणि ते निमूट परत कसे जातात? कारण पगार सम्राटाचा, शपथ सम्राटाच्या नावाची आणि कागदावर मोहोर सम्राटाची. सेजानसच्या बाजूने न उठल्याबद्दल टायबेरियसने नंतर प्रत्येकी १००० देनारियस (चांदीची नाणी) वाटले. सीरियातल्या फौजांनाही बक्षीस मिळालं, कारण निशाणांमध्ये सेजानसची प्रतिमा न पूजणाऱ्या तेवढ्याच.

सेजानसने बंडाचा कट केला होता का? पुरावा फार विरळ आहे. कॉन्सल असताना हालचाल केली नाही याचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला असं डिओ लिहितो, पण ते मनातलं. टायबेरियसने स्वतः नंतर लिहून ठेवलं की जर्मानिकसच्या मुलांवर तो उठला होता म्हणून मी त्याला शिक्षा केली. ज्या मुलांसाठी ही शिक्षा, त्यातला एक इ.स. ३३ मध्ये राजवाड्याच्या तळघरात उपासमारीने मेला, गादीतला भराव चावत. त्यांची आई अग्रिपिनाही त्याच वर्षी १८ ऑक्टोबरलाच गेली. सेजानस दोन वर्षांपूर्वीच मेला होता आणि छळ चालूच होता. माझं मत असं की कट नसावा. त्याला खालून बळ होतं, पण ते वरच्या एका सहीवर टांगलेलं होतं, आणि हे त्याला स्वतःला कळायला उशीर झाला.

सर्वांत जड जातं ते मुलांचं वाचताना. थोरल्या मुलाला सहा दिवसांत मारलं. त्याचं प्रेत पाहून आपिकाटाने ते पत्र लिहिलं आणि जीव दिला. डिसेंबरमध्ये धाकटा मुलगा आणि मुलगी. मुलाला काय होणार ते कळत होतं. मुलगी इतकी लहान की विचारत राहिली, मी काय केलं, मला कुठे नेताय, मी पुन्हा असं करणार नाही, लहान मुलांना मारतात तसं मारा.

नंतर सेजानसचे मित्र शोधून शोधून खटले भरले गेले. पुतळे वितळवून हांडे, तवे केले गेले. बिल्बिलिसच्या काही नाण्यांवर त्याच्या नावाची जागा छिन्नीने खरवडलेली आहे, शेजारी टायबेरियसचं नाव तसंच. सगळे मैत्री नाकारत होते. इ.स. ३२ मध्ये मार्कस टेरेन्शियस नावाचा एक अश्वारोही मात्र सिनेटपुढे उभा राहिला आणि सम्राटाला उद्देशून म्हणाला की होय, मी त्याचा मित्र होतो, मैत्री मिळाली तेव्हा मला आनंदही झाला. आम्ही व्होल्सिनीच्या सेजानसला मुजरे करत नव्हतो. तुमचा जावई होणाऱ्याला, तुमच्याबरोबर कॉन्सल असलेल्याला करत होतो. तुम्ही कुणाला आणि का उंचावता हे तपासणं आमचं काम नाही. त्याच्या द्वारपालांशी ओळख असणंही तेव्हा मोठं मानलं जायचं. त्याने राज्याविरुद्ध कट केला असेल तर शिक्षा करा, पण मैत्री कधी सुरू झाली आणि कधी संपली या बाबतीत तुम्ही आणि आम्ही एकाच रांगेत आहोत.

टेरेन्शियस सुटला. शिक्षा झाली ती त्याच्यावर आरोप करणाऱ्यांना.